आत्याची पिवळी ज्वारी

धाराशिवच्या एका प्रयोगशाळेत मी धान्य तपासते. दाण्यात चोथा, म्हणजे फायबर, किती आहे हे काढायला पूर्वी कित्येक दिवस जायचे. पोटात अन्न पचतं तसं पीठ भांड्यात पाचकरसांनी पचवायचं, न पचता उरलेलं गाळायचं, वाळवायचं, तोलायचं. मग आमच्याकडं प्रकाशाचं यंत्र आलं. वाटीत दाणे ओतले की त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडतो. त्यातला काही प्रकाश दाणे शोषतात, काही परत फेकतात, आणि त्यावरून चहा गाळेपर्यंत चोथ्याचा आकडा पडद्यावर येतो. मला इतकं नवल वाटलं की घरातले गहू, बाजरी, सापडेल ते नेऊन मी त्यात घालून बघत होते.

माझी आत्या येरमाळ्याजवळ राहते. तिला साखरेचा आजार आहे. घरापुरती म्हणून ती बांधाकडेला पिवळी ज्वारी पेरते. तिच्या भाकरीनं साखर वाढत नाही, असं तिचं म्हणणं. एकदा औषधं न्यायला आली ती पिशवीत दाणे घेऊन थेट प्रयोगशाळेत.

"बघ गं तुझ्या मशिनीत. पांढरीपेक्षा हिच्यात चोथा लई असणार."

दाणे घातले, पण आकड्याऐवजी लाल अक्षरांत सूचना आली.

"आत्या, तुमची ज्वारी त्याला ओळखू येईना."

"म्हंजी? जवारी न्हाय व्हय ही?"

मी तिला सांगितलं, यंत्राला आपलं आपण काही कळत नाही, प्रत्येक धान्य शिकवावं लागतं. आधी आम्ही जुन्या पद्धतीनं पुष्कळ ज्वाऱ्या तपासल्या, मग तेच दाणे उत्तरासकट त्याला दाखवले. त्या सगळ्या पांढऱ्या होत्या.

"मग हीबी शिकव की त्याला."

"एका पिशवीनं भागत नाही. वेगवेगळ्या रानांतली पिवळी लागते."

विषय तिथंच संपला, असं मी धरलं. पण सुगी झाल्यावर ती गाठोडी घेऊन हजर. शेजारणींकडची, माहेरची, ढोकीकडं सगळा ऊस लावूनही एका नातलगानं कोपऱ्यात राखलेली. मिसळू नयेत म्हणून प्रत्येक गाठोडं वेगळ्या रंगाच्या चिंधीत बांधलेलं. आमचे साहेब हसले, म्हणाले, "करून बघा." बरेच आठवडे मी गाळत आणि तोलत राहिले. मग यंत्राला ती ज्वारी शिकवली. शिकवताना न दाखवता मुद्दाम बाजूला ठेवलेले दाणे शेवटी घातले, आणि यंत्राचा आकडा माझ्या हातच्या आकड्याच्या अगदी जवळ आला. मी खोलीत एकटीच होते, तरी मोठ्यानं "जमलं!" म्हणाले.

आत्याला फोन करताना मात्र जरा चाचरले. "आत्या, पिवळी आणि पांढरी जवळपास सारख्याच निघाल्या. चोथ्यात फारसा फरक नाही."

तिला ते पटेना. "मशीन नीट शिकलंय ना?"

"व्हय. हातानं केलं तरी तेवढंच आलं."

"मग माझी साखर कशानं आवरती?"

"ते हे यंत्र सांगत नाही. पिवळीच्या भाकरी किती खाता तुम्ही?"

"एकच. लई जड असती, दुसरी खाववत न्हाय." बोलता बोलता तिला हसू आलं. "आन् पांढरीच्या कवाकवा तीन."

औषध मात्र सोडू नका, एवढं मी तिला बजावलं.

यंदाही तिनं पिवळी पेरलीय. चवीसाठी, असं आता म्हणते. पण तिच्या एका भाकरीनं पोट का भरतं, हे माझ्या डोक्यातून जाईना. काम संपल्यावर मी सध्या त्या पिठातला स्टार्च, म्हणजे पचून ज्याची साखर होते तो भाग, किती सावकाश पचतो ते बघत बसते.