हौदावरची स्पॅनिश

बाई गेल्याचं मला मालेगावच्या बाजारात कळलं. पुढ्यात सांभाराच्या वीस-पंचवीस जुड्या उरल्या होत्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. यांचा फोन आला. हे फोनवर नेहमी मळ्यातून हाक मारावी तसे बोलतात, त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला कान दाबून ऐकावं लागलं. "वैनी राह्यली नाही," म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक भाव विचारत उभी होती, तिला दोन जुड्या दिल्या, सुटे पैसे परत केले, आणि ती चार पावलं गेल्यावर मला समजलं की मी काय ऐकलं...

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या सकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, "कमल, आज तू एकटीच जाय वो. मले बरं वाटून नाही राह्यलं." मी पाटी उचलली आणि ऑटोत जाऊन बसले. चार दिवसांनी त्यांच्या स्पेनमधल्या नातीचा वाढदिवस होता. मला वाटलं, तिच्याशी स्पॅनिशमध्ये काय बोलायचं त्याचं पाठांतर करायला घरी राहिल्या. दिवसभर बाजारात बसून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. मेडशीला परत आले तेव्हा घरात माणसं जमली होती. त्यांचा फोन कोनाड्यात बंद पडलेला होता. रात्रीपासून तो कोणी चार्जिंगलाही लावला नव्हता. बाई त्या दिवशी खाटेवरून उठल्याच नव्हत्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मला बोलता येईल असं माणूस म्हणजे बाईच. मला माणसांत बोलता येत नाही, अजूनही नाही. चार बाया बसल्या की माझा आवाज घशातच राहतो. पण संध्याकाळी मळ्यात भाजी तोडून झाली की आम्ही दोघी हौदाजवळ बसायचो, सांभार आणि मेथी धुवायचो, सुतळीचे तुकडे मांडीवर घेऊन जुड्या बांधायचो. हात कामात असले की माझं तोंड उघडायचं. माहेरचं, शाळेचं, पोटातलं सगळं मी तिथे सांगितलं. बाई सातवी शिकलेल्या, मी चौथी. मला लिहायचा नाद आहे, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूंवर मी काहीबाही लिहून ठेवते, हेही मी फक्त त्यांना सांगितलं. यांनाही माहीत नाही. बाई म्हणाल्या, "लिही. मी काही कोनाले सांगत नाही." तो एक तास माझा होता. बाकी दिवस घराचा, मळ्याचा, लेकरांचा.

मग त्यांचा गजू कंपनीकडून स्पेनला गेला. तिथलीच मुलगी केली, एलेना. त्यांना मुलगी झाली तेव्हा बाईंनी गावात पेढे वाटले. पोरगी बोलायला लागली तशी फोनवर पहिल्यांदा दिसली. बाईंनी तिला किती नावांनी हाका मारल्या, माय म्हणून झालं, चिमणी म्हणून झालं. पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. गजू म्हणाला, "आई, तू बोल, मी तिले सांगतो." बाई म्हणाल्या, "तू कायम मधात बसशीन तं मी काय बोलू तिच्याशी? मले शिकव तुमची भाषा." गजू हसला. "आई, बावन्न वर्षांची झाली तू." बाई म्हणाल्या, "मंग? बावन्नाव्या वर्षी जीभ गळून पडते काय?"

तेव्हापासून गजू रोज पाच वाक्यं पाठवायचा. वाक्यं एलेनाच्या आवाजात, आणि खाली त्यानं मराठीत लिहिलेला अर्थ. ती पाच वाक्यं ऐकायची वेळ बाईंनी कोणती धरावी? आमची. जुड्या बांधायची. हौदाच्या कठड्यावर त्या फोन उभा करायच्या, शेजारी वही. एलेना फोनातून बोलायची, बाई तिच्यामागून बोलायच्या. पुन्हा एलेना, पुन्हा बाई. ओला म्हणजे रामराम, आग्वा म्हणजे पाणी, सेबोया म्हणजे कांदा. एका जुडीला एक वाक्य, असा त्यांनी नेम धरला होता. मी मध्ये काही बोलले तर हात वर करायच्या, थांब म्हणून. त्यांचा तो पाण्यानं निथळणारा हात मला अजून दिसतो. वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला कधी थांब म्हटलं नव्हतं.

आणखी एक झालं. वाक्य आठवेपर्यंत बाई हातातल्या जुडीत काड्या घालतच राहायच्या. सोपं वाक्य असलं की जुडी बरोबर बांधली जायची, अवघड असलं की मुठीत मावायची नाही. भाव सगळ्यांचा एकच. बाजारात बायांच्या ते लक्षात आलं. पाटीवर वाकून माझ्या जुड्या बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "तुह्या जावंच्या जुड्या कोनत्या? त्या दे." मी बाईंना एकदा म्हटलं, "बाई, तुमच्या स्पॅनिशपायी आपला सांभार फुकट चालला." त्या इतक्या हसल्या की हौदात पडता पडता राहिल्या. म्हणाल्या, "आज भूतकाळ होता वो, कमल. भूतकाळ लय भारी जाते." मी हसले नाही.

गावानं आधी त्यांची चेष्टा केली. आमचे भासरे, म्हणजे बाईंचे मालक, पारावरून आले की विचारायचे, "काय मॅडम, चहा भेटन की परदेशातून मागवा लागन?" पण दोन वर्षांनी तीच माणसं पाव्हण्यांना सांगायला लागली की आमच्या घरची बाई स्पॅनिश बोलते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंनी उखाणा घेतला, "नात दिसते फोनात, तिले म्हनतो ओला, नामदेवरावाचं नाव घेतलं, आता जेवाले चला!" बाया हसून हसून लोळल्या. पुन्हा घ्यायला लावला. त्यानंतर माझी पाळी होती. मी दरवर्षी घेते तोच घेतला, आणि अर्धा झाला तेव्हाच पलीकडे कोणीतरी बाईंना विचारत होतं की स्पेनमध्ये तीळगूळ मिळतो का. मी उरलेला अर्धा वाणाच्या ताटाला ऐकवला.

मला त्यांचा हेवा वाटायचा, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही. पण नुसता त्यांचा नाही. त्यांना जमतं म्हणून वाटायचा, माझं शिक्षण चौथीला थांबलं म्हणून वाटायचा. आणि सगळ्यात जास्त त्या फोनातल्या आवाजाचा. एलेनाला मी पाहिलं नव्हतं, व्हिडिओवर मी कधी आले नाही, दाराआड उभी राहायचे. पण रोज संध्याकाळी ती येऊन आमच्या दोघींच्या मध्ये बसायची आणि मला उठवता यायचं नाही. एकदा बाई म्हणाल्या, "कमल, तू वही धर अन् मले इचारत जाय. दोघी मिळून होईन." मी म्हणाले, "चौथी शिकेल बाईले कायले लावता त्याच्यात? तुमची सून हाय ना." बाई खाली पाहून सुतळी वळत राहिल्या. दोघी मिळून म्हणाल्या होत्या त्या... मला तेव्हा फक्त माझंच ऐकू येत होतं.

आणि एकदा मी त्यांची वही लपवली. गोठ्यात, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या ढिगात. गजूच्या फोनला त्या आठवड्यात काही झालं होतं, वाक्यं येत नव्हती, आणि वही नाही म्हणजे जुनी म्हणता येईनात. बाईंनी घर पालथं घातलं. पेटीतली लुगडी झटकली, पोरांना दटावलं. मी त्यांच्याबरोबर शोधत फिरले. संध्याकाळी हौदावर त्या रिकाम्या बसल्या आणि पूर्वीसारख्या बोलल्या. त्यांचं गुडघ्याचं दुखणं, माझ्या थोरल्या पोरीचं सासर, कोणाच्या म्हशीनं कोणाची तूर खाल्ली. तीन संध्याकाळी. माझ्या इतक्या वर्षांतल्या चांगल्या संध्याकाळी मोजल्या तर त्या तीन मी वर धरते. चौथ्या दिवशी पाहिलं तर बाई पोरांच्या जुन्या वहीचे कोरे कागद शिवून, आठवून आठवून पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहायला बसल्या होत्या. ओला. आग्वा. सेबोया. मला ते पाहवलं नाही. वही आणून त्यांच्यापुढे ठेवली, म्हटलं, सापडली. त्यांनी उघडली, पानांतलं कुटार हौदाच्या कडेला झटकलं. माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

गजू, एलेना आणि पोरगी तेरवीला पोचली. एलेना दारात आली आणि सासऱ्यांशी दोन शब्द बोलली, तर माझ्या अंगावर काटा आला. तोंड परकं, आवाज घरातला. चार वर्षं रोज ऐकलेला. ती दोन दिवस फारशी बोलली नाही. बायांनी तिला धरून रडायला सांगितलं तर बिचारी रडली, ते खरंच होतं. तिसऱ्या दिवशी मी हौदावर मेथी धुवत होते. घरात मरण झालं तरी मेथी वाढायची थांबत नाही. ती पोरीला घेऊन आली आणि बाईंच्या जागेवर बसायला लागली. मी म्हटलं, "तिथं नको." माझा आवाज इतका मोठा निघाला की मागून येणारा गजू थबकला. एलेनाला मराठी येत नाही, पण ती लगेच उठली आणि पलीकडे, ओल्या जमिनीवर बसली.

पोरगी मात्र माझ्याजवळ आली. तिनं माझा डावा हात धरला, उलटा केला आणि मनगटावरचं दोन ठिपक्यांचं गोंदण पाहिलं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, उनो. मग दुसऱ्यावर, दोस. मग तिसरा ठिपका शोधायला लागली, मनगट फिरवून फिरवून, आणि एकाएकी खुदकन हसून आईला काहीतरी म्हणाली. मी गजूकडे पाहिलं. तो म्हणाला, "काकू, ती म्हनते, तिसरा ठिपका द्यायच्या आधी तुमी पळून गेल्या अन् ज्वारीत लपल्या. आजीनं सांगतलं."

ते मी एकट्या बाईंना सांगितलं होतं. याच हौदावर, लग्नानंतरच्या पहिल्या का दुसऱ्या वर्षी. मला आधी राग आला. माझं लहानपण मी कोणाच्या हाती दिलं आणि ते कुठे जाऊन पोचलं! पण गजू बोलतच होता. आई फोनवर काय बोलायची? तिच्याकडे सांगायला दुसरं काय होतं? आज कमलनं हे केलं, कमल असं म्हणाली, कमलला ताप आहे, कमल लहानपणी अशी होती. जेवणं झाल्यावर, तुम्ही निजायला गेलात की, रोज अर्धा तास फोन, त्यातली वीस मिनिटं तुमची असायची, म्हणाला. ज्या दिवशी नवीन शब्द हवे असत त्या दिवशीही तुमच्याचसाठी हवे असत. गोंदणाला काय म्हणतात, ज्वारीला काय म्हणतात. "एलेना तं कधी कधी कंटायून जाये," असं म्हणून तो हसला. एलेना हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. ती नजर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती मी चार वर्षं त्या फोनाकडे पाहताना डोळ्यांत बाळगली होती.

माझी पोटातली माया त्या दिवशी लगेच उफाळून आली, असं नाही झालं. मी मेथी धुतली, जुड्या बांधल्या. मग उठून माझ्या पेटीतून बाईंच्या चार वर्षांत भरलेल्या पाचही वह्या आणल्या. बाई गेल्या त्या रात्रीच मी त्या उचलून ठेवल्या होत्या आणि कोणी विचारलं तर माहीत नाही म्हणणार होते. एलेनाच्या हातात दिल्या. तिनं त्या छातीशी धरल्या आणि गजूला काही म्हणाली. तो जरा घुटमळला. "काकू, आईनं सांगतलं होतं की तुमी लिहिता. एलेना म्हनते, आईवर लिहाल काय? मी तिले वाचून दाखवीन, तिच्या भाषेत करून."

म्हणजे तेही सांगितलं होतं. मी कोनाले सांगत नाही म्हणाल्या होत्या आणि सातासमुद्रापार सांगितलं होतं... मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

ते लोक परत जाऊन आता बरेच दिवस झाले. गजूनं दोनदा विचारलं, "काकू, झालं काय लिहून?" मी दोन्ही वेळा अजून नाही म्हटलं. झालं आहे. कॅलेंडरची सात पानं भरली. हौदाच्या कठड्यावर फोनाला टेका द्यायची वीट अजून तिथेच आहे. सांभार धुताना मी पाणी तिच्या बाजूनं सोडते, तिच्यावर पडू देत नाही. बाईंची जागा मोकळी ठेवते. तिकडे पाहून कधी कधी बोलते, आणि कोणी हात वर करून थांब म्हणत नाही, तर बोलणं आपोआप थांबतं.

ही पानं मी गजूला वाचून दाखवणार नाही. त्यानं मध्ये बसलेलं बाईंना चालत नव्हतं, मलाही चालणार नाही. एलेनाला वाचायची असतील तर तिनं मराठी शिकावी. बाई बावन्नाव्या वर्षी बसल्या, ही तर अजून पस्तिशीचीही नाही. रोज पाच वाक्यं. आवाज मी देईन.