उदबत्ती विझल्यावर

आमचे हे उदबत्तीच्या कारखान्यात मिश्रण मळतात, तेही चंदनाचं. गुलाब, मोगरा कुणीही मळावं, चंदनाला मात्र ह्यांचाच हात लागतो. ह्यांच्या मते चंदनाचा स्वभावच सावकाश. पेटवल्या पेटवल्या ते तोंड उघडत नाही. आधी नुसता धूर, मग दुधावर साय धरावी तसा वास खोलीत हळूहळू बसतो. म्हणून चंदनाची उदबत्ती जळताना पारखायचीच नाही. लावायची, दार लोटून बाहेर यायचं, आणि विझली की आत जायचं. तेव्हा मागे जो वास उरतो तो खरा.

ह्यांच्या नाकापायी मी काय सोसलंय ते माझं मला माहीत. पारख बिघडते म्हणून लग्न झाल्यापासून घरात वासाचं काही म्हणून आलं नाही. पावडर नाही, तेल नाही, साबण तो बिनवासाचा. बहिणी चिडवायच्या, उदबत्तीवाल्याची बायको आणि अंगाला वास दवाखान्याचा.

मध्यंतरी ह्यांना सडकून ताप आला. उठले, कामावर जायला लागले. त्याच सुमारास लेकीनं मला जाईच्या वासाचा साबण आणून दिला. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, ओरडू देत. डोक्यावरून अंघोळ केली आणि मुद्दाम ह्यांच्या शेजारी बसून ओले केस झटकले. हे आपले पेपरचं पान उलटतायत. मला चांगलं भांडण हवं होतं हो, आणि ह्यांच्या कपाळावर साधी आठी नाही.

"वास येतोय का कसला?" मी विचारलं.

"कसला?" म्हणून त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि चेहराच उतरला. "तापापासून काहीच येत नाही. जुन्या मापावर मळतोय. पण चंदन दर खेपेला वेगळं असतं, मापावर किती दिवस ढकलू? मालकांना कळलं तर खोकी चिकटवायला बसवतील."

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच चिडले. "मला सांगायला काय झालं होतं?"

माझं नाक मात्र शाबूत होतं. असणारच, इतकी वर्षं त्याला उपाशी ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी नवा माल पारखायचा होता. ठरलं असं, की मी डबा द्यायच्या निमित्तानं जायचं आणि ह्यांच्या मागे उभं राहायचं. माल बरा असेल तर गप्प, बिघडला असेल तर खोकायचं.

उदबत्ती विझल्यावर आम्ही खोलीत शिरलो. मालक म्हणाले, "झकास वाटतंय." त्यांचं काय, दिवसभर तिथंच बसून नाक मेलेलं. मला मिश्रणातल्या लवंगेचा तिखटपणा आला, त्याखाली काहीच नाही. मी खोकले.

"जमलं नाही," हे म्हणाले. "पुन्हा मळावं लागेल."

मालक बाहेर मोकळ्या हवेत जाऊन परत आले, हुंगलं आणि मान डोलावली. "खरंच की. तुमचं नाक आहे तोवर मला घोर नाही."

मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. हे तसेच उभे.

"माझं नाक गेलंय, साहेब," हे म्हणाले. "तापात गेलं. आत्ता पारखलं ते हिनं."

मी डबा घट्ट धरून उभी. मालकांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग वहिनी, काय कमी पडलंय?"

"लवंग फार पुढं पुढं करतेय," मी म्हटलं. "चंदन मागे राहतच नाही."

हे मळायच्या टेबलाशी गेले. कच्च्या लगद्यावरून निदान अंदाज तरी येतो. त्यांनी चंदनाची पूड घातली, तेलाचे थेंब सोडले, मळून मळून एक गोळी माझ्यापुढे धरली.

"पुरे?"

ह्या माणसानं जन्मात कधी मला वासाचं विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी पुन्हा हुंगलं.

"अजून थोडं घाला."