सात वाजून दहा मिनिटांनी

टॅलमन काउंटीच्या कचेरीत तळमजल्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही. तरीही त्या डोंगराळ मुलखात कुणाच्या दारी काय चालले आहे, हे त्या खोलीइतके दुसरीकडे कुठेच कळत नसे. कारण तिथे ओडेसाबाई फ्रेली बसत. कानाला हेडफोन, पुढ्यात रेडिओ, बाजूला थंड झालेली कॉफी. अशी एकतीस वर्षे गेली. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या, चार गाड्या, लॉरेल फोर्ड गावच्या पोलिसांच्या दोन आणि एक रुग्णवाहिका, यांपैकी कुणी कोणत्या ओढ्याकाठी धावायचे, ते बाईंच्या मुखातून ठरे. चोर पकडणे हा त्या कामातला लहानसा वाटा. रस्त्यावर आलेली गाय, दार तोडणारा जावई, कोर्टाचा कागद, अंत्ययात्रेपुढे चालणारी गाडी, हाच खरा दिनक्रम. लोक त्याला कायदा म्हणत. बाई सेवा म्हणत.

त्या सेवेत एक नेम होता. काउंटीत एकटे राहणाऱ्या अकरा वृद्धांची यादी होती, आणि सकाळी सात वाजता बाई एकेकाला फोन करीत. माळेचा एकेक मणी ओढावा तसे एकेक नाव. आयसी ब्लँकेनशिप पहिल्याच घंटेला फोन उचलून “अजून आहे” एवढेच बोलत आणि ठेवून देत. हॉबर्ट स्टिडॅम, वय एक्क्याऐंशी, आज पाऊस येईल का, असे बाईंना विचारत, आणि बाई काहीही बोलल्या तरी ते चूक आहे असे सांगत. नियम सोपा होता. तीन वेळा फोन करायचा. उचलला नाही तर गाडी पाठवायची. मध्ये विचार करायचा नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी बाईंनी विचार केला.

तो कबरी सजवण्याचा रविवार होता. त्या दिवशी प्रत्येक कुटुंब टेकडीवरच्या आपल्या स्मशानभूमीत जमते, गवत काढते, दगडांवर फुले ठेवते, आणि मग झाडाखाली पंगत बसते. स्टिडॅमांची भूमी सर्वांत उंच. तिथले गवत हॉबर्टकाका दरवर्षी स्वतःच्या विळ्याने कापत, तेही उन्हे चढण्याआधी. सात वाजून दहा मिनिटांनी बाईंनी त्यांचा फोन लावला, तो वाजत राहिला. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. बाई मनाशी हसल्या. म्हातारा केव्हाच टेकडीवर पोचला असणार, एवढे त्यांना ठाऊक होते. गाडी उगाच कशाला दौडवायची? त्यांनी नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला.

त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की यंदा पुतण्याने शनिवारीच यंत्र नेऊन सगळे गवत कापून टाकले होते.

नऊ वाजता टेकडीवरून रेडिओ बोलला. तिथे मोटारींची दाटी आवरायला शेरीफचा एक शिपाई उभा होता. त्याने सांगितले, की स्टिडॅम मंडळी खोळंबली आहेत. मेलेल्यांची नावे तोंडपाठ म्हणण्याचा मान हॉबर्टकाकांचा. ती म्हटल्यावाचून प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेवाचून कुणी कोंबडीला हात लावणार नाही. तेव्हा बाईंनी सकाळी त्यांना फोन केला होता ना, ते काय म्हणाले, असे पुतण्या विचारतो आहे.

बाईंनी सकाळची यादी पुढ्यात ओढली. हॉबर्टकाकांच्या नावापुढे त्यांचीच खूण होती.

एकदम दोन तासांचे ओझे त्यांच्या छातीवर आले. शेरीफच्या तीन गाड्या टेकड्यांवर होत्या, चौथी दुरुस्तीला. एकेरी रस्ते मोटारींनी तुंबलेले. कुणालाही उतरून यायला पाऊण तास लागला असता. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन शेजारच्या काउंटीत गेली होती. बाईंनी त्या गाडीला परत फिरण्याचा निरोप धाडला. जवळ होता एकच माणूस: गावचा पोलीस टीग बर्चेट, गावची हद्द संपते त्या पुलाच्या अलीकडे, सहा मिनिटांवर. पण मागच्या निवडणुकीत टीगचा भाऊ शेरीफ डार्विन पेनिक्स यांच्याविरुद्ध उभा राहिला होता, आणि तेव्हापासून साहेबांचा तोंडी हुकूम होता, की पुलापलीकडे गावच्या पोलिसाला बोलवायचे नाही.

बाईंनी टीगला बोलावले.

“पुलापलीकडे तुमच्या साहेबांचं राज्य आहे, ओडेसाबाई,” तो म्हणाला. “मागच्या वेळी त्यांच्या हद्दीतली एक गाय हाकलली, तर मला महिनाभर ऐकावं लागलं.”

“ही गाय नाही, टीग. हॉबर्टकाका आहेत. आणि चूक माझी आहे.”

पलीकडे गाडीचे दार आपटले. मग इंजिनाचा आवाज आला.

त्यानंतरची मिनिटे बाईंनी मोजली नाहीत. त्या प्रार्थना करीत होत्या. ओठ हलत नव्हते. ज्याच्या यादीतून कुणाचेच नाव सुटत नाही, त्याला त्या एकच नाव पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

टीगला म्हातारा घरात सापडला नाही. तो कुंपणाजवळ सापडला, फुलझाडांच्या वाफ्यात. कबरींसाठी फुले कापायला सहाच्या सुमारास गेला होता, ओल्या दगडावरून घसरला, आणि खुब्याचे हाड मोडले. उतारावरच्या घरातून फोनची घंटा त्याला ऐकू येत होती. तीनदा ऐकली. अंग गार पडले होते, ओठ निळे झाले होते, पण शुद्ध होती. टीगने आपला कोट त्याच्यावर घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा हात धरून बसला. डॉक्टर पुढे म्हणाले, की आणखी तासभर गेला असता तर बोलण्यासारखे फारसे उरले नसते.

दुपारी शेरीफ खाली आले. टीगबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खुर्ची ओढून बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि हळू आवाजात समजावू लागले. महिनाअखेरीस काउंटीच्या सभेत या यादीचा विषय निघणार होता. ही फोनची कटकट बंद करा म्हणणारे दोघे तिथे टपून बसलेच होते. तेव्हा सात वाजून वीस मिनिटांनी गाडी निघाली पण गर्दीत अडकली, असे लिहिले तर कुणाचे काय बिघडते? यादीही वाचेल, बाईही.

बाईंनी त्यांचे सगळे ऐकून घेतले. साहेबांच्या बोलण्यात माया होती, हे त्यांना कळत होते. मग त्यांनी नोंदीची वही समोर ओढली आणि लिहिले: सात वाजून दहा मिनिटे, तीन फोन, उत्तर नाही. गाडी पाठवली नाही. ते कुठे आहेत हे मला ठाऊक आहे असे मला वाटले. नऊ वाजून चार मिनिटांनी गावचा पोलीस पाठवला. खाली सही केली आणि वही साहेबांकडे फिरवली.

“डार्विन, खोटी वेळ लिहिली तर उद्या मी कोणत्या तोंडानं फोन लावू?”

शेरीफांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि खाली आपलीही सही केली. सभेत ती नोंद मोठ्याने वाचली गेली. बाईंना लेखी ताकीद मिळाली. यादी एका मताच्या फरकाने टिकली.

त्याआधीच, बुधवारी, बाई इस्पितळात गेल्या. हॉबर्टकाका उशीला टेकून वाटाण्याच्या सूपकडे संशयाने पाहत होते. बाईंनी काहीही न लपवता सगळे सांगितले: फोन तीनदा वाजला, मी विचार केला, मी गाडी पाठवली नाही.

“म्हणजे तुला वाटलं मी स्मशानात आहे,” म्हातारा म्हणाला. “फार चुकली नव्हतीस, पोरी. जरा घाई केलीस इतकंच.”

बाईंना हसू आले नाही. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला.

“घरी गेल्यावर फोन करशील ना?”

“करीन.”

“आणि मी उचलला नाही तर?”

“गाडी येईल.”

“मी कुठे आहे हे तुला पक्कं ठाऊक असलं तरी?”

“ठाऊक असलं तरी,” ओडेसाबाई म्हणाल्या.