इंजिनाच्या डोक्यावरचे पाणी

मुंबईच्या थंडीला थंडी म्हणायचे की नाही, या प्रश्नावर माझी नोकरी एकदा अडून बसली होती.

तेव्हा मी गिरगावात एका छापखान्यात होतो. फणसवाडीतल्या आमच्या बिऱ्हाडात वडील, चुलते, थोरला भाऊ, सगळे कारकून. ते संध्याकाळी शाईने माखलेली बोटे घेऊन घरी येत आणि मी घासलेटाचा वास घेऊन. छापखान्याच्या मालकांनी विलायतेहून तेलावर चालणारे इंजिन मागवले होते. त्याबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचील असा माणूस त्यांना हवा होता. माझे इंग्रजी बेताचेच, पण पुस्तकात चित्रे भरपूर होती. वडिलांचा या धंद्यावर काडीचा विश्वास नव्हता. कचेरीतल्या साहेबासाठी त्यांनी माझा अर्ज लिहूनच ठेवला होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

इंजिन येण्याआधी छापण्याच्या यंत्राचे मोठे चाक एक घाटावरचा माणूस दिवसभर हाताने फिरवायचा. पन्नाशी उलटलेला, खांदे ओंडक्यासारखे. सगळे त्याला मामा म्हणत. मालकांनी आम्हा दोघांना समोर उभे करून सांगितले होते, की संक्रांतीपर्यंत इंजिन नीट चालले तर मामाची गरज नाही, आणि नाही चालले तर इंजिन परत जाईल आणि त्याच्याबरोबर मीही. म्हणजे ते सुरू झाले की मामाची भाकरी जाणार, नाही झाले की माझी. तरी आम्ही एकाच चंचीतला तंबाखू खायचो.

इंजिनाला पुढच्या बाजूस नारळाएवढे लोखंडी डोके होते. त्याच्याखाली दिवा लावून ते लालसर होईपर्यंत तापवायचे, मग बाजूचे जड चाक फिरवायचे. तापल्या डोक्यात तेल गेले की आत भडका उडायचा आणि इंजिन धडधडू लागायचे. डोके नीट तापलेले असले तर एका हिसक्यात काम होई, माझ्यासारख्या काडीपैलवानालाही जमे. डोके गार, तर मग सगळेच गार.

इंजिन आले नवरात्रात. खंडेनवमीला मालकांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली आणि पुढे ती रोजचीच झाली. सकाळी मी डोके तापवून ठेवायचो, मालक सोवळे नेसून तांब्या-पळी घेऊन यायचे, डोक्यावर पळीभर पाणी घालायचे, वर फूल ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, चालू दे." आश्विनाच्या उकाड्यात इंजिन निमूट चालू व्हायचे.

मार्गशीर्षात वारा फिरला. सगळी गल्ली कानटोप्या घालून फिरू लागली आणि इंजिन रुसले. दोनदा खोकायचे, पांढरा धूर सोडायचे आणि गप्प. मामा मदतीला येऊन इंजिनाच्या चाकाला चार फेरे द्यायचा, हात झटकायचा आणि आपल्या जुन्या चाकाकडे जायचा. मी पुस्तक उघडायचो. थंडीत डोके अधिक वेळ तापवावे, असे त्यात लिहिले होते. पण किती थंडी म्हणजे थंडी, ते नव्हते. लिहिणाऱ्याच्या देशात बर्फ पडत असावा. आमच्याकडे फार तर खोबरेल गोठते.

मी दुप्पट वेळ दिवा लावू लागलो. मालकांनी आपल्या परीने पूजा वाढवली. एका पळीच्या पाच झाल्या, पौषात अकरा. शिवाय छापखाना बंद करताना इंजिनावर घोंगडी पांघरली जाई. इंजिन मात्र ढिम्म.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आता सगळे आलेच असेल. माझ्या ध्यानात येत नव्हते, हे लिहिताना अजून कान तापतात. पूजेचे पाणी हे मला पाणी वाटतच नव्हते. पूजा ही कामाच्या आधीची गोष्ट आणि बिघाड होतो तो काम सुरू झाल्यावर, असा माझा ठाम समज होता. रोज कानाशी चर्र आवाज व्हायचा आणि मी भक्तिभावाने हात जोडायचो.

भोगीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी संक्रांत. वडिलांनी सकाळी विचारले, "तारीख कुठली घालू?" मी चपला चढवून निघालो.

मालकांनी अकरा पळ्या घालायला सुरुवात म्हणून पळी उचलली, तोच मामा म्हणाला, "मालक, येक इचारू? पाया पडताना कुनी डोस्क्याला हात लावतं का? ह्ये चाक म्हंजे ह्येचं पाय. तीन म्हयनं डोस्क्यावर पानी घालताय, पायावर येक थेंब न्हाय. रुसंल न्हाय तर काय?"

मालक चपापले. "अरे, हे आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्यांनी अकराही पळ्या चाकावर ओतल्या. मी हिसका दिला आणि इंजिन असे दणाणले, की शेजारी अक्षरांची जुळणी करणाऱ्याच्या हातून शिशाच्या खिळ्यांचा अख्खा खण सांडला.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. दुपारी मी मामाला गाठले. "तुला कधी कळलं?"

"पयल्या दिसापासनं. तापल्या तव्यावर पानी मारल्यावर भाकरी भाजती व्हय?"

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"बोलून खाऊ काय, मास्तर?"

"आणि आज?"

त्याने उजवा खांदा चोळला. "ह्यो आता उचलत न्हाय. इंजान परत गेलं तर तुमी जानार, आन चार म्हयन्यांनी मी बी. दोगं जान्यापरीस एकच जाऊ द्या."

मला भयंकर लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

संक्रांतीला तिळगूळ देताना मालक म्हणाले, "थंडी आहे तोवर मामा राहू दे. चैत्रात बघू." आणि चैत्र लागला तरी ते विसरले नाहीत. "उद्या मामाला हात लावू न देता सुरू करून दाखव," त्यांनी फर्मावले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो, डोके लालभडक तापवले आणि मालकांची पावले जिन्यावर वाजताच तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतले. मालकांसमोर हिसके मारून मारून मला घाम फुटला. इंजिन खोकले आणि गप्प झाले.

"मामा!" मालक ओरडले.

मामा आला. खाली दिवा पेटलेलाच होता. तो डाव्या हाताने सावकाश चाक फिरवत राहिला, तोवर डोके पुन्हा तापले आणि इंजिन सुरू झाले. मालक उपरण्याने मान पुसत म्हणाले, "चैत्रातसुद्धा थंडी धरतं रे हे! मामाशिवाय चालायचं नाही."

ते वर गेल्यावर मामाने मी इंजिनामागे लपवलेल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिले. तो घेतला आणि उद्यासाठी भरून ठेवला.