मधले हुंकार

बोईसरला कमलेशच्या बोटांना मान होता. हळद आटोपून मांडवातल्या खुर्च्या रचायच्या आत नवरदेवाच्या मोबाईलवर रील पडलेलं असायचं. डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डच्या क्यू आणि डब्ल्यूवर. क्यू दाबला की पडद्यावरच्या रेषेच्या मागचं चित्रण उडालं, डब्ल्यू दाबला की पुढचं. मधे पडलेलं भगदाड सॉफ्टवेअर स्वतःच सरकून बुजवतं. माऊसला तो हात लावायचा नाही. "माऊस म्हाताऱ्यांसाठी," म्हणायचा. क्लासची पायरी कधी चढला नव्हता. बेटेगावच्या कारखान्यात खोकी चिकटवता चिकटवता मोबाईलवर शिकला, मग कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर उचलला आणि झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत एडिटिंगचं दुकान थाटलं. डोंगरातल्या पाड्यावरचा वारली माणूस स्वतःच्या पाटीखाली बसतो, ह्याचा त्याला माज होता. असावाच. माज फक्त साहेबांनीच करायचा असं कुठे लिहिलंय?

धंद्यातला त्याचा नियम एकच: फट ठेवायची नाही. माणूस बोलता बोलता थांबला की पडद्यावरच्या आवाजाच्या नक्षीत खड्डा पडतो. खड्डा दिसला की उडवायचा. श्वास दिसला, तोही उडवायचा. बघणाऱ्याचा अंगठा त्या खड्ड्यातच सरकतो, आणि सरकला की गिऱ्हाईक गेलं.

मग त्याच्याच पाड्यामागचा डोंगर दगडखाणीला द्यायचं घाटलं, आणि शाळेच्या पटांगणात सुनावणी लागली. खाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेचा स्वराज म्हणाला, "कमलेश, कॅमेरा आण. घरचं काम आहे."

सुनावणी घ्यायला पालघरहून आलेल्या साहेबांसमोर उभी राहिली जमुनाआत्या, कमलेशच्या बापाची चुलत बहीण. पाड्याच्या बैठकीत बोलतात तशीच ती इथंही बोलली. म्हणजे एक गोष्ट सांगायची आणि थांबायचं. बसलेल्यांनी "हां" म्हणायचं. तो "हां" आला तर पुढं बोलायचं; नाही आला तर गुमान खाली बसायचं, कारण मग ते बोलणं एकट्याचं.

"ह्या डोंगराचा झरा आमचे पाड्याला पाणी देतो."

"हां."

"वरचे माळावर आमची नागली हाय, वरई हाय."

"हां."

"वाघदेव तिथं हाय. आमचे मेलेले तिथं हायत."

"हां."

"आमी डोंगर नाय द्यायचा."

ह्या वेळचा "हां" शाळेच्या पत्र्यावर आदळून परत आला.

साहेब जांभई दाबत म्हणाले, "बाई, आटपा आता."

तिथं आत्याचं डोकं फिरलं. "भाड्या, हा डोंगर तुझे बापानं आणून ठेवला का?"

सुनावणी उठली तसा स्वराज दुकानात येऊन कमलेशच्या खुर्चीमागं उभा राहिला. "एवढं लांब कोण बघतो रे? मिनिटभराचं कर. शिवी शेवटी. दणका पाहिजे, दणका!"

दणका द्यायला कमलेशला शिकवावं लागत नव्हतं. बोटं सुटली. आत्याचे थांबे गेले. लांब बसलेल्या माणसांचे "हां" नक्षीत गवताच्या काडीएवढे दिसत होते, श्वासासारखे, तेही गेले. शेवटचा मोठा होता, स्पष्ट होता. तो नेमका म्युझिकच्या ठोक्यावर येत होता, म्हणून त्यालाही उडवलं. वाक्याला वाक्य असं चिकटलं की सांधा शोधून सापडू नये. स्वतःवरच खूश होऊन कमलेशनं ते दोनदा लावून पाहिलं.

क्लिप पेटली. टेम्पोवाल्यांनी रिंगटोन केली, एका हळदीत डीजेनं वाजवली, लोक शिवीवर नाचले. आठवडे बाजारात पोरं आत्याच्या मागं लागायची, "ए आजी, ती शिवी दे ना!" आत्यानं बाजारच सोडला. स्वराज मात्र आठवडाभर छाती काढून हिंडला.

पालघरच्या ऑफिसात साहेबांनी त्याचीच हवा काढली. मोबाईल त्याच्याकडं वळवला. "ही क्लिप तुमच्याच संघटनेची ना? मग दाखवा, ह्यात दुसरं कोण बोलतंय? एक बाई शिवीगाळ करते, बाकी पाडा गप्प. गप्प म्हणजे आमच्या लेखी हरकत नाही."

"सगळे बोलले साहेब! प्रत्येक वाक्याला बोलले!"

"मग मूळ रेकॉर्डिंग आणा. सोमवारपर्यंत. नाही तर मी सही करतो."

स्वराज धापा टाकत दुकानात आला. "मूळ कुठाय?"

कमलेशनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "कॉम्प्युटरवरचं उडवलं, कार्ड पुसलं. त्यावर आता सफाळ्याची हळद हाय."

"हळद अख्खी ठेवलीस?"

"अख्खी."

"अरे गाढवा, नाच सांभाळून ठेवलास आणि डोंगर पुसलास?"

"दणका पाहिजे कोण बोंबलत होतं? मी का?"

दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, झेरॉक्सवाल्यानं सोडवले. सरकारशी भांडायला जी ताकद पाहिजे होती ती अशी खर्ची पडली. शेवटी स्वराज म्हणाला, "जा, परत बोलायला लाव सगळ्यांना. साहेबाच्या गळी कसं उतरवायचं ते मी बघतो."

कमलेश पाड्यावर पोचला तेव्हा घरोघरी कड्या लागलेल्या. भात झोडून झालं होतं; माणसं वीटभट्ट्यांवर पांगली होती. जमुनाआत्या अंगणात सुपानं पाखडत होती. त्यानं तिच्यापुढं कॅमेरा लावला आणि काय घडलं ते एकदाचं सांगून टाकलं. आत्यानं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि उभी राहिली.

"कुठनं कुठवर बोलू? तेवढंच बोलते. म्हणजे तुला कापायला नको."

"सगळं बोल आत्या. पहिल्यासारखं. थांबत थांबत."

"ह्या डोंगराचा झरा आमचे पाड्याला पाणी देतो," आत्या म्हणाली, आणि थांबली.

कोंबडी उकिरडा उकरत होती. डोंगराच्या पलीकडं कुणाचं तरी पोकलेन घुरघुरत होतं. सही व्हायची होती, पण रस्ता काढायला सही कशाला लागते? आत्या वाट बघत उभी. कमलेशचा डावा हात गुडघ्यावर होता. त्याची दोन बोटं आपोआप हलली. त्यानं मूठ आवळली. मग न राहवून कॅमेऱ्यामागनं तोच म्हणाला, "हां."

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं.

"तू नको. तुझा नाय धरायचा."

आणखी थोडा वेळ ती उभी राहिली, कड्या लावलेल्या दारांकडं बघत. मग खाली बसली आणि सूप ओढून घेतलं.