आवाज न करणारी मोटर

दुकानात त्या दिवशी मी एका बाईंना फ्रिज दाखवत होतो. दार उघडून झालं, लावून झालं, कान टेकवायला सांगून झालं. "बहनजी, चल रहा है, पर पता भी नहीं चलेगा," हे माझं रोजचं वाक्य बोलून होतंय तोच सेठजींनी फोनचा रिसीव्हर माझ्यापुढे धरला. पलीकडे काकूच्या शेजारच्या भाभी होत्या. "भिया, जल्दी आ जाओ, काकाजी को करंट लग गया..." मी स्कूटरवरून परदेशीपुऱ्यात काकूच्या घरी पोचलो तोवर दत्तूकाकांना मागच्या अंगणातून उचलून खोलीत आणलं होतं आणि डॉक्टर येऊन, मान हलवून निघूनही गेले होते. अंगणात नळाशी पाण्याची मोटर तशीच पडली होती. ती मोटर मी आणून दिली होती. आता महिना उलटला. भेटायला आलेला प्रत्येक माणूस 'नशीब' म्हणून जातो. मला तो शब्द उच्चारता येत नाही.

दत्तूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. उभी हयात कापडगिरणीत गेली, त्यातली बरीचशी लूमखात्यात जॉबर म्हणून. बंद पडलेला लूम चालू करायचा, बिघडलेला ठीक करायचा, हे जॉबरचं काम. तिथल्या गदारोळात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे, त्यामुळे सगळे एकमेकांचे ओठ वाचत, हातांच्या खुणांनी बोलत. काका खात्याच्या दाराशी चपला काढत आणि लूमच्या ओळींमधून अनवाणी फिरत. कुठला लूम थांबला, कुठल्याची चाल बिघडली, ते त्यांच्या तळपायाला आधी समजायचं. "कान तर अपने पहिल्या पाच सालातच गेले रे," ते मोठ्यानं म्हणायचे, कारण हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. "पण पाय शाबूत पाहिजे. मशीन चालू आहे की बंद, हे जॉबरला पाय सांगतो." आम्ही पोरं त्यांची भारी चेष्टा करायचो. लग्नात वरात कुठवर आली हे बघायला कोणी बाहेर जाऊ नका, काकांच्या पायाला विचारा, असं चालायचं. काका हसत पाऊल जमिनीवर टेकवायचे आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा बरोबर सांगायचे.

मग इंदूरच्या गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. काकांच्या गिरणीला कुलूप लागलं त्यानंतरही कित्येक दिवस ते डबा घेऊन फाटकापर्यंत जात, इतरांबरोबर झाडाखाली बसून डबा खात आणि परत येत. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी चौकीदार झाला, कोणी दारूत बुडाला. त्याच सुमारास आमच्या दुकानात रोज नवा माल उतरत होता. रंगीत टीव्ही, कपडे धुण्याची मशिनं, मिक्सर, कूलर... आणि प्रत्येकाची तारीफ एकच, की आवाज नाही. त्यावर माझं घर चालत होतं, हेही खोटं बोलू नये. काकांकडे गेलो की ते खाटेवर पाय खाली सोडून बसलेले दिसत. एकदा मला म्हणाले, "घराची जमीन मेल्यासारखी वाटते रे. पायाखाली काहीच चालत नाही." मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. मी विषय बदलला.

झाडांनी त्यांना थोडं सावरलं. गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत त्यांनी मोगरा लावला, जास्वंद लावली, कृष्णकमळाचा वेल कठड्यावर चढवला. लालबागेच्या मैदानावरच्या मेळ्यातून सोनचाफ्याचं कलम आणलं, तेव्हा ते टेम्पोत मांडीवर धरून बसले होते. त्यांच्या हाताला झाड लागायचं. म्हणून मीच ओळखीनं त्यांना एका नव्या कॉलनीतल्या बंगल्यावर माळीकाम मिळवून दिलं. जॉबर होता तो माळी झाला, पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. दोन महिन्यांत बाग अशी केली की जाणारे-येणारे थबकत. तरीही काम गेलं. मालकीणबाईंनी दुकानात येऊन मला सांगितलं, "आपके काकाजी काम तो बढ़िया करते हैं, पर चिल्लाते बहुत हैं. साहब की नींद खराब होती है." मी काकांना खरं कारण सांगितलं नाही. माणसं कमी करतायत, असं सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. मला वाटतं, त्यांना समजलं होतं.

आता मोटरीचं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि ते गच्चीपर्यंत चढवायला काकांकडे एक जुनी मोटर होती. ती सुरू झाली की अंगणाची फरशी हादरायची, स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी वाजायची. पाण्याच्या दिवशी काका ती खोलीतून उचलून आणत, नळाशी ठेवत, वायर जोडून टेप गुंडाळत आणि पाणी चढेपर्यंत तिच्या बाजूला अनवाणी उभे राहत. चेहरा इतका निवांत असायचा की काकू म्हणायची, "बघ, गिरणीत पोचले!" पण तिचं डोकं त्या आवाजानं उठायचं, आणि शेजारच्या भाभीही कुरकुर करत. एक दिवस काकू मला म्हणाली, "तुझ्या दुकानात सगळं बिनआवाजाचं मिळतं ना? मग ह्यांना एक मोटर आण की." मी आणली. चांगल्यातली आणली. वर हौसेनं तिच्या पायांखाली रबराच्या चार जाड चकत्या बसवल्या, म्हणजे फरशीला थरथरही जाणवू नये. बटण दाबलं. काका तळपाय टेकवून उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, ही चालू आहे की बंद, समजायचं कसं?" मी हसलो आणि दुकानातलं वाक्यच मराठीत म्हटलं. "चालू असते, पण समजतही नाही, हीच तर खुबी आहे, काका."

त्या दिवशी पाणी आलं होतं. मोटर लावून काका गच्चीवर पाइप धरायला गेले. अर्ध्यात लाइट गेली, पाणी थांबलं. आता काही लाइट येत नाही, असं समजून ते मोटर आवरायला खाली उतरू लागले. लाइट गेली की बटण बंद करायची त्यांना कधीच सवय नव्हती. उभ्या आयुष्यात पायानं फसवलं नव्हतं, मग बटणाकडे कशाला बघायचं? ते जिन्यात होते तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागला. काकू खिडकीतून ओरडली, "अहो, लाइट आली!" त्यांची पाठ तिच्याकडे होती. तिनं पाहिलं, ते मोटरीशी आले, उजवं पाऊल ओल्या फरशीवर सपाट टेकवलं, क्षणभर थांबले. खात्री करून घेतली. मग वाकून वायरीचा टेप सोडायला लागले...

दहाव्या दिवशी घरात माणसांची गर्दी होती. मी मागच्या अंगणात गेलो, पान्यानं नट काढले, त्या चारही चकत्या खिशात घातल्या आणि जाताना नाल्यात फेकल्या. कोणाच्या लक्षात येऊ नये, कोणी विचारू नये, एवढाच विचार होता. नुकताच ज्याचा काका गेला त्या माणसाच्या मनात असलं काही येतं, याची मला लाज वाटते. पण आलं. त्यानंतर दुकानात मी ते वाक्य एकदाही म्हटलेलं नाही. गिऱ्हाइकानं आवाजाचं विचारलं की सेठजींकडे बोट दाखवतो.

परवा काकूकडे गेलो होतो. पाण्याचा दिवस होता. ती पायऱ्यांवर बसून नळाच्या धारेखाली भरत असलेली बादली बघत होती. गच्चीवर बादल्या आता ती हातानं नेते. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते रबर तू काढलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

"दिवसकार्य झाल्यावर सगळे गेले, तेव्हा मी पाना घेऊन गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, कोणी बघायच्या आत काढून टाकावं. बिनआवाजाची आण म्हणून तुला मीच सांगितलं होतं ना... बघते तर नव्हतंच."

बादली भरून वाहायला लागली होती. नळ बंद करायला आम्ही दोघंही उठलो नाही.