बोल्ट सैल ठेवले म्हणून मी ओरडले

मंडळी, आज धुळ्यात एका वयस्कर मेकॅनिकवर मी भर गॅरेजमध्ये ओरडले.

माझी जुनी स्पोर्ट्स कार वळणावर मागून डोलते. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश मी जळगावात बदलून घेतले होते. काही महिन्यांतच पुन्हा तेच सुरू झालं. म्हणून आज युनूसचाचांकडे गेले, ते ठरवूनच, की गाडीवरून नजर हटवायची नाही.

चाचा म्हणाले, "ताई, बाजारात फिरून या. वेळ लागेल."

मला वाटलं, हे मला कटवतायत. मी स्टूल ओढून समोरच बसले. नवे बुशही माझ्यासमोरच पाकिटातून काढायला लावले.

त्यांनी ते बसवले, बोल्ट नुसते हाताने फिरवले आणि गाडी जॅकवरून खाली घ्यायला लागले.

"चाचा, बोल्ट सैल आहेत! सोनगीरजवळ हायवेवर मरू का मी?"

ते शांतपणे म्हणाले, "गाडी हवेत असताना आवळले, तर खाली येताना रबर पिळतं नि लवकर फाटतं. वजन चाकांवर आलं की आवळायचे. तुमचे जुने बघा."

जुने बुश पिळवटून फाटले होते. चाचा गाडीखालच्या खड्ड्यात उतरले आणि मला दाखवत एकेक बोल्ट आवळला.

मी माफी मागितली. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जळगावचं गॅरेज चकाचक होतं. तिथे एसीत बसून मी चहा प्याले, गाडीकडे एकदाही पाहिलं नाही.

खरं सांगा, तुम्ही कोणावर संशय घेता आणि कशावरून?